गरजू मूल दार ठोठावत नाही

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कुठल्याही मुलाला दिवाळीच्या सुट्टीत एक प्रश्न विचारून बघा. तुझा मेंटर कोण?

मुलगा आधी मोबाइल काढतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीतरी पडलेली पीडीएफ शोधतो. नाव सापडतं. चेहरा आठवत नाही.

आता पुढचा प्रश्न. त्या मेंटरला तुझं नाव माहीत आहे?

मुलगा गप्प. आपल्याला उत्तर मिळालं.

पुण्याकडे या मेंटरला जीएफएम म्हणतात, म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर. काही ठिकाणी तो टीचर गार्डियन असतो. काम सगळीकडे एकच. घर सोडून आलेल्या पोरांच्या पाठीशी एक मोठं माणूस उभं करायचं. साधारण २० विद्यार्थ्यांच्या गटाला एक शिक्षक मेंटर असावा, असं तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद असलेल्या एआयसीटीईने इंडक्शनच्या मार्गदर्शिकेत सांगून ठेवलं आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत मेंटर आणि विद्यार्थ्यांचं गुणोत्तर विचारलं गेलं. एनबीएच्या मूल्यमापनातही मेंटरिंग बघितलं जातं.

म्हणजे नियम आहे. फाइल आहे. फाइलमध्ये सह्या आहेत.

मुलगा कुठे आहे?

तो होस्टेलच्या खोलीत आहे. पुसदहून आलाय, चोपड्याहून आलाय, देवगडहून आलाय. बारावीपर्यंत वर्गात पहिल्या पाचात. क्लासचे सर त्याला नावाने हाक मारायचे, त्याच्या वडिलांना ओळखायचे. इथे ६० जणांच्या डिव्हिजनमध्ये तो एक रोल नंबर. एम-वन, म्हणजे पहिल्या सत्राचं गणित, डोक्यावरून जातंय. ग्राफिक्सच्या शीटवर प्रोजेक्शन जमत नाही. पहिल्याच युनिट टेस्टमध्ये तो नापास झाला, आयुष्यात पहिल्यांदा. ही गोष्ट त्याने घरी सांगितलेली नाही.

कॉलेजातही सांगितलेली नाही. सांगायची कुणाला?

कुठल्याही प्राचार्यांपुढे हा विषय काढा, एक वाक्य ठरलेलं असतं. ‘आमची दारं कायम उघडी आहेत, मुलंच येत नाहीत.’

वाक्य खरं आहे. दुखणंही तेच आहे.

उघड्या दारातून आत येतं कोण? ज्याचे आईवडील शिकलेले आहेत, ज्याला इंग्रजीत दोन वाक्यं बोलता येतात, ज्याला मोठ्या माणसांपुढे उभं राहायची सवय आहे, तो. ज्याचं बरं चाललंय, तो शंका घेऊन येतो. ज्याचं बिनसलंय, तो मागच्या बाकावर सरकतो. मग तासांना दांडी मारतो. मग थेट केटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयांचा, फॉर्म भरायच्या रांगेत दिसतो.

गरज जितकी जास्त, संकोच तितका मोठा. हे ठाऊक नसलेला शिक्षक शोधून सापडायचा नाही. मग ‘मूल येईल’ या एका भरवशावर सगळी व्यवस्था उभी कशी?

समजा, हिय्या करून एखादा गेलाच. स्टाफरूमच्या दारात ‘मे आय कम इन, सर?’ म्हणून उभा राहिला. आठ टेबलांवरून आठ माना वर झाल्या. सरांसमोर लॅपटॉप, बाजूला जर्नलांची चळत. सरांचा पहिला प्रश्न, ‘डिव्हिजन कुठली?’ दुसरा प्रश्न, ‘अटेंडन्स किती?’

अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली आहे. तो आला होता इंटिग्रेशनची एक पायरी विचारायला, परत गेला बोलणी खाऊन. पायरी राहिली ती राहिलीच.

तो पुन्हा येईल?

हजेरी महत्त्वाची नाही, असं कुणी म्हणत नाही. पण वर्गात न येणाऱ्या मुलाला आधी ‘का येत नाहीस’ असं विचारायचं, की ‘डिफॉल्टर लिस्टमध्ये टाकीन’ असं बजावायचं? यातला पहिला प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं. कधी त्याच मिनिटात कळतं, की पोरगं रात्रपाळीला कुरिअरच्या गोदामात जातंय.

शिक्षक आणि विद्यार्थी यांची हक्काची भेट सत्राच्या शेवटी होते, सबमिशनला. रांग लागते. वही पुढे सरकते, सही होते, पुढचा. टर्मवर्कचे गुण त्या सहीवर असतात, म्हणून मुलं तासन्‌तास थांबतात. सर पानाकडे बघतात. मुलाकडे बघायला वेळ नसतो.

एवढ्या रांगेत एकालाही ‘कसं चाललंय?’ असं विचारलं जात नाही. मग ते विचारायचं कधी, सेंड-ऑफला?

आता एक गोष्ट अमेरिकेतली, पण आपल्या कामाची. १९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर नापास होत. प्राध्यापकांना कारणं तोंडपाठ होती. मुलांत जिद्द नाही, पाया कच्चा, घरचा पाठिंबा नाही, परिस्थिती हलाखीची.

ओळखीची वाटली ना कारणं?

युरी ट्राइसमन या तरुण गणितज्ञाने या कारणांवर विश्वास ठेवण्याआधी मुलांकडे जाऊन बघायचं ठरवलं. ही मुलं अभ्यास कशी करतात, कुठे करतात, कुणाबरोबर करतात, हे त्याने महिनोन्‌महिने पाहिलं. कारणं एकेक करून गळून पडली. मुलं कष्टाळू होती. घरचे पाठीशी होते. पण अभ्यास ती एकटीने करत होती. तिथलेच चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसत, एकमेकांच्या चुका काढत, अडलं तर वरच्या वर्गातल्यांना विचारत. कृष्णवर्णीय मुलांतला प्रत्येक जण समजत होता, की अडतंय ते फक्त आपल्यालाच.

ट्राइसमनने काय केलं? कच्च्या मुलांसाठी जादा तास काढले नाहीत. अवघड गणितं दिली आणि गटात बसवून सोडवायला लावली. गुण वाढले. गळती घटली. त्याच्या कार्यशाळेचं अनुकरण पुढे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी केलं.

आपण काय करतो? ‘स्लो लर्नर’ची यादी करतो.

मूल्यांकनात विचारलं जातं, की हुशार आणि मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी तुम्ही वेगवेगळं काय करता? प्रश्न रास्त आहे. कॉलेजने त्याचं उत्तर काय काढलं? पहिल्या टेस्टचे गुण घेतले, रेघ मारली, रेघेखालची नावं नोटीस बोर्डावर लावली. ‘खालील विद्यार्थ्यांनी रेमेडियल लेक्चरला उपस्थित राहावे.’ कालपर्यंत तालुक्यात नाव असलेल्या मुलीचं नाव त्या कागदावर, आणि तिची सगळी डिव्हिजन तो कागद वाचतेय.

ती त्या तासाला जाईल, असं खरंच वाटतं तुम्हाला?

मदत हवी, शिक्का नको. एवढं कळायला कुठल्याही समितीची गरज नाही. त्याच मुलीला बोलावून ‘या सहा जणींचा गट करा, ही पाच गणितं अवघड आहेत, गुरुवारी मला दाखवा’ असं सांगा. ती येईल. पाच जणींना घेऊन येईल.

आता इंडक्शनकडे वळू. एआयसीटीईने २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम घातला. उद्देश फार चांगला. मुलं रुळावीत, परिसर कळावा, शिक्षकांशी ओळख व्हावी, कला-खेळ-वाचन व्हावं, मनातली भीती जावी.

बऱ्याच ठिकाणी त्याचं काय झालं? सभागृह, दीपप्रज्वलन, संस्थेच्या प्रगतीचं प्रेझेंटेशन, प्लेसमेंटचे आकडे, पाहुण्यांची भाषणं. शेकडो मुलं एका हॉलमध्ये सलग बसलेली. ज्या कार्यक्रमाचा जीव ओळख करून देण्यात आहे, त्यात मुलांना बोलायलाच जागा नाही.

आणि हे कुणाच्या वाट्याला? जे पहिल्या फेऱ्यांत आले त्यांच्या.

सीईटी सेलच्या कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या चालू असतात, त्यानंतर संस्था पातळीवरच्या जागा भरतात. शेवटी शेवटी आलेला मुलगा वर्गात पाऊल टाकतो, तेव्हा इंडक्शन संपलेलं असतं, एम-वनचं एक युनिट होऊन गेलेलं असतं, प्रॅक्टिकलच्या बॅच पडलेल्या असतात आणि होस्टेल भरलेलं असतं. उशिरा का आला? कुणाचा दाखला अडकला होता, कुणाचे फीचे पैसे जमत नव्हते, कुणी शेवटच्या दिवसापर्यंत दुसऱ्या कॉलेजची वाट बघत होता. म्हणजे ज्याला आधार सगळ्यांत जास्त लागणार, नेमकं त्याचंच इंडक्शन हुकतं.

त्याच्यासाठी दुसरं इंडक्शन का नाही? तीन आठवडे नकोत, तीन दिवस द्या. प्रवेशाचा शेवटचा दिवस कॉलेजला आधीच ठाऊक असतो.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांची तर आठवणही कुणाला राहत नाही. त्यांचं कॉलेजातलं पहिलं वर्ष म्हणजे दुसरं वर्ष. वर्गात गट आधीच पडलेले, त्यांच्या हातात थेट शाखेचे विषय आणि वर ‘डिप्लोमावाले’ ही ओळख. त्यांनाही कुणीतरी लायब्ररी दाखवावी लागते.

पहिल्या वर्षाची आणखी एक अडचण आहे. हे वर्ष कुठल्याच विभागाचं नसतं. गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीचे शिक्षक अप्लाइड सायन्सचे. मुलीने प्रवेश घेतला कॉम्प्युटरला, पण अनेक कॉलेजांत कॉम्प्युटर विभागातलं माणूस तिला वर्षभर भेटतच नाही. अप्लाइड सायन्सवाले म्हणतात, वर्षभराचे पाहुणे. शाखेचे म्हणतात, पुढच्या वर्षी आमच्याकडे येतीलच.

मधल्या वर्षात ती कुणाची?

सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणंही अन्यायाचं आहे. २०१८ पर्यंत एआयसीटीईचा निकष १५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा होता, तो २० वर नेला. अनेक ठिकाणी मंजूर जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक तास संपला की दुसऱ्या कॉलेजचा तास गाठायला पळतो. तासाला मोबदला मिळतो, मुलाशी बोलत थांबण्याला नाही. जे कायम आहेत, त्यांच्या टेबलावर मूल्यांकनाच्या फाइली. उन्हाळ्यात प्रवेश मिळवायला ज्युनिअर कॉलेजांच्या फेऱ्या.

मेंटरिंगचे फॉर्म भरण्यात शिक्षकाचा इतका वेळ जातो, की मेंटरिंगला वेळ उरत नाही. हे व्यवस्थापनाला दिसत नसेल, तर बघायची इच्छा नाही असंच म्हणायला हवं.

आता ऑफिस. पहिल्या वर्षाच्या मुलाचं निम्मं नशीब स्टुडंट सेक्शनच्या खिडकीवर ठरतं. बोनाफाईड तिथे, फीची पावती तिथे, शिष्यवृत्तीचा अर्ज तिथे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला म्हणजे काम झालं, असं मुलाला वाटतं. अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर पडून असतो. एक कागद अस्पष्ट म्हणून परत आलेला असतो. खातं आधारशी जोडलेलं नसतं. मुदत संपते.

हे त्याला वेळेत कुणी सांगायचं?

योजना थोड्या नाहीत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात २०२४-२५ पासून शंभर टक्के सवलत आहे, प्रवेश मात्र कॅपमधून झालेला हवा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्या विचारावर रयत उभी केली, तोच हा विचार.

योजना सरकारच्या, पैसा जनतेचा, हक्क मुलांचा. आणि माहिती? ज्याला विचारता येतं त्याला.

खिडकीपलीकडच्या क्लार्कलाही दोन शब्द. तुमच्यापुढे कागदांचा ढीग आहे, माणसं कमी आहेत, मान्य. पण ‘उद्या ये’ या दोन शब्दांची किंमत मुलाच्या हिशेबाने मोजून बघा. एक तास बुडतो, एसटीचं किंवा पीएमपीचं भाडं जातं आणि पुन्हा विचारायची हिंमत थोडी कमी होते. त्यापेक्षा एक यादी भिंतीवर मराठीत लावली, कुठल्या अर्जाला कुठले कागद, शेवटची तारीख कोणती, तर निम्मी रांग आपोआप कमी होते.

कॉलेज कुणाला खरं ठाऊक असतं? कोणता सॉफ्टवेअर परवाना कुठल्या लॅबमध्ये आहे, कोणतं मशीन चालू आहे, जॉब वेल्डिंगला बिघडला तर कसा वाचवायचा, हे लॅब असिस्टंट आणि वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर सांगतात. कोण मुलगा दोन दिवस मेसला आला नाही, हे मेसच्या मावशींना आधी कळतं. कोण मुलगी रीडिंग हॉलमध्ये पुस्तक उघडून नुसतीच बसते, हे लायब्ररीतल्या मॅडमना दिसतं.

इंडक्शनच्या स्टेजवर ही माणसं कधी दिसली?

लायब्ररीचंच घ्या. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी बुक बँक असते, सबंध सत्रासाठी पुस्तकं मिळतात. पहिल्या वर्षाची पाठ्यपुस्तकं एआयसीटीईने मराठीतही करून घेतली आहेत, ई-कुंभ पोर्टलवरून ती फुकट उतरवता येतात. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं २००३ पासून चाललेल्या उपक्रमातून आली आहेत, तीही फुकट. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ही एक माहिती ऑगस्टमध्ये मिळाली, तर त्याचं सत्र सावरू शकतं.

ऑगस्टमध्ये त्याला काय मिळतं? लायब्ररी कार्डासाठी दोन फोटो आणण्याची सूचना.

भाषेचंही एकदा स्पष्ट बोलू. पेपर इंग्रजीत असेल, पुस्तक इंग्रजीत असेल. शंका इंग्रजीत विचारायची सक्ती कुठल्या नियमात आहे? ‘टेन्शन’, ‘टॉर्क’, ‘मोमेंट’ हे शब्द तसेच ठेवून बाकी सगळं मराठीत विचारता येतं आणि मराठीत समजावताही येतं. ‘मराठीत बोल बाळा, काय अडलंय?’ एवढं एखाद्या मॅडम म्हणाल्या, तर वर्गातल्या किती जणांचं तोंड उघडेल, याचा अंदाज प्रत्येक शिक्षकाला आहे.

मग म्हणत का नाही?

यापुढचा विषय गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील, तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना मेंटर द्यायचे, विशेषतः परीक्षेच्या आणि शिक्षणाचा टप्पा बदलण्याच्या काळात. मदतीचे क्रमांक होस्टेलमध्ये आणि वर्गात ठळक लावायचे.

पहिलं वर्ष हा टप्पा बदलण्याचाच काळ नाही तर काय?

समुपदेशक नेमला, हे पुरेसं नाही. त्याची खोली प्राचार्यांच्या केबिनसमोर असेल, तर आत जाणारा प्रत्येक जण सगळ्यांना दिसतो. कोण आलं होतं याची चौकशी वरून होत असेल, तर कुणीच येणार नाही. गुपित राखलं जाईल, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगावं लागतं आणि पुढे पाळावं लागतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर लावायला एक कागद लागतो.

तक्रारीचंही तसंच. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी समिती असावी आणि तिच्यावर विद्यापीठ पातळीवर लोकपाल असावा, असं यूजीसीच्या २०२३च्या नियमांत आहे. मुलं प्रवेशाच्या वेळी रॅगिंग न करण्याचं हमीपत्र भरतात. आपल्यावर अन्याय झाला तर कुठे जायचं, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

मुलांकडून सही घेण्याची घाई. त्यांना हक्क सांगण्याची कधी?

‘आमच्याकडे वेळ नाही’ हे उत्तर ऐकून कान किटले. वेळ टाइमटेबलमध्ये काढावा लागतो. तो कसा काढतात, याचं अमेरिकेतलंच आणखी एक उदाहरण बघा. १९७० साली साउथ कॅरोलिना विद्यापीठात विद्यार्थ्यांचा असंतोष इतका टोकाला गेला, की अध्यक्ष थॉमस जोन्स यांना त्यांच्याच कार्यालयात कोंडून घालण्यात आलं. जोन्स स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर. मुलांना विद्यापीठ आपलं का वाटत नाही, हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला. १९७२ साली पहिल्या वर्षासाठी एक स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. छोटा वर्ग, एक शिक्षक, विषय हाच की विद्यापीठात कसं शिकायचं, कुणाकडे जायचं, कसं रुळायचं. तो आजही चालतो.

एका इंजिनिअरने ही गोष्ट इंजिनिअरसारखी सोडवली. अडलं कुठे ते पाहिलं आणि दुरुस्ती रचनेत केली.

आपल्याकडे रचना तयारच आहे. ६० च्या डिव्हिजनच्या प्रॅक्टिकलसाठी २०-२० च्या तीन बॅच पडतात. एआयसीटीई मेंटर गट सांगते तोही साधारण तेवढाच. मग प्रॅक्टिकलची बॅच हाच मेंटरचा गट करायला काय हरकत आहे? तोच शिक्षक, तीच मुलं, दर आठवड्याला दोन तास. वेगळी खोली नको, वेगळा निधी नको, वेगळा जीआर नको.

त्यातला पाव तास रीडिंग आणि जर्नल बाजूला ठेवा. पहिल्या भेटीत शिक्षकाने विचारायचं ते साधं आहे. गाव कुठलं? राहतोस कुठे? जेवणाचं कसं? कुठला विषय जड जातोय? शिष्यवृत्तीचा अर्ज कुठवर आला? अटेंडन्स नंतर.

पहिल्या टेस्टनंतर रेघेखालच्या मुलांना एकेकट्याने बोलवा, नोटीस बोर्डावर नको. सलग आठवडाभर न दिसलेल्या मुलाला फोन करा. धमकीचा एसएमएस पालकांना नंतर पाठवता येतो, आधी मुलाशी बोला. लॅब असिस्टंट, लायब्ररियन, रेक्टर, स्टुडंट सेक्शनमधल्या माणसांची ओळख पहिल्या आठवड्यात त्यांच्या जागेवर नेऊन करून द्या. दुसऱ्या वर्षातला एखादा जबाबदार मुलगा किंवा मुलगी प्रत्येक बॅचला जोडून द्या. आणि हे करणाऱ्या शिक्षकाच्या वर्कलोडमध्ये तो वेळ धरा. काम आहे, तर ते मोजा.

मेंटरिंगचा फॉर्म एक पानाचा पुरे. उरलेल्या पानांचा वेळ मुलांशी बोलण्यात खर्च करा.

आता पहिल्या वर्षाच्या मुलामुलींशी थोडं. व्यवस्था सुधारायची वाट बघू नका, सत्र तुमचं आहे. एकटं जायची भीती वाटते? दोघं जा. शंका नुसती ‘समजलं नाही’ अशी नेऊ नका, वहीत जिथपर्यंत आलंय तिथपर्यंत सोडवून न्या आणि अडलेल्या पायरीवर बोट ठेवा. शिक्षक गडबडीत असतील, तर ‘सर, कधी येऊ?’ असं विचारून वेळ घ्या आणि त्या वेळेला जा. पहिल्या महिन्यातच लायब्ररीत एकदा फिरून या, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे थांबलाय ते बघा, वर्कशॉपच्या सरांना नावाने ओळखा. अभ्यासाला चार जणांचा गट करा. आजूबाजूच्या शांत चेहऱ्यांवर जाऊ नका, एम-वन त्यांनाही अडलेलं आहे.

नापास झालात? घरी सांगा. आधी एखाद्या शिक्षकाला सांगायचं असेल, तर तसं करा. पण कुणाला तरी सांगा.

पालकांनाही एक विनंती. फी भरली, लॅपटॉप घेतला, आता चार वर्षांनी पॅकेजचा आकडा ऐकायचा, असं धरून बसू नका. फोनवर गुणांआधी मित्रांची नावं विचारा. नाव येत नसेल, तर काळजी घ्या.

शेवटचं आणि सरळ. मुलं विचारत नाहीत, हे कॉलेजचं उत्तर असू शकत नाही. विचारायला घाबरणं हा १८ वर्षांच्या, पहिल्यांदा घर सोडलेल्या मुलाचा गुन्हा नाही. आपण वयाने मोठे आहोत, पगारावर आहोत आणि प्रवेश आपणच दिला आहे. पहिली हाक आपण मारायची. या सोमवारच्या प्रॅक्टिकलपासून सुरुवात करा.